ड्रॉइंग हॉलची किल्ली

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी ड्रॉइंग हॉलची किल्ली मागायला गेलो. मामा कुलपं लावायच्या घाईत होते. म्हणाले, "कशाला पायजे किल्ली? सबमिशन हाय व्हय?"

"नाही मामा, जरा चित्र काढत बसायचंय."

मामांनी माझ्याकडं खालून वर बघितलं. मग म्हणाले, "गॅदरिंग तर लांब हाय की अजून!"

मामांचं काही चुकलं नाही. इतकी वर्षं ते आपल्याला बघतायत. हातात पेन्सिल धरायची आपल्याकडं दोनच कारणं, सबमिशन नाहीतर गॅदरिंग. तिसरं कारण सांगणारा एकतर थापा मारतोय, नाहीतर हॉलमध्ये बसून मोबाइल चार्ज करणार आहे, असं त्यांना वाटलं असणार. किल्ली मिळाली नाही. पण त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

आपल्या हॉस्टेलवर कलाकार कमी आहेत असं कोणी म्हणू नये. आमच्या एकाच मजल्यावर एकजण बासरी वाजवतो (वाजवायचा), एकजण कविता करतो (करायचा), आणि एकानं बारावीपर्यंत तबल्याच्या चार परीक्षा दिल्यात. त्याचा तबला आता कपाटावर आहे आणि त्याच्यावर टॉवेल वाळत असतात. कंसातले ते "चा" नीट बघा. फर्स्ट इयरला ओळख करून देताना प्रत्येकजण "मी गातो", "मी चित्र काढतो" असं सांगतो. थर्ड इयरला येईपर्यंत सगळी क्रियापदं भूतकाळात गेलेली असतात. आणि ह्याचं कुणाला दुःख नाही. "इंजिनिअरिंगला आल्यावर हे व्हायचंच," असं सीनियर सांगतात, जसं काही केस गळण्यासारखंच हे.

मग वर्षातून एकदा गॅदरिंग येतं. नोटीस लागते, तीन आठवडे तालमी होतात, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सेट रंगवायचे, कपाटावरचा तबला खाली येतो, शाई पुसली जाते, पुड्या टापटीप होतात. ते तीन आठवडे मी पण फार एन्जॉय करतो, खोटं कशाला बोलू? शिट्ट्या मिळतात, ढाल मिळते, फोटो निघतात, आता तर रीलसुद्धा निघतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपतं. उरलेले अकरा महिने तबल्यावर पुन्हा टॉवेल. कलेला आपण लग्नाच्या बँडसारखं ठेवलंय. वरात असली की बोलवायचं, नाहीतर गल्लीच्या कोपऱ्यावर उभं.

माझं म्हणणं असं की इंजिनिअरिंग कॉलेजात कला मरते ती अभ्यासानं नव्हे. रोजच्या दिवसात तिला जागा नसते, म्हणून मरते. आणि ही जागा आपण स्वतःच काढून टाकलेली असते. हे मी दुसऱ्याला शिकवायला म्हणून सांगत नाही. माझंच उदाहरण देतो.

मी इचलकरंजीचा. शाळेत असताना एलिमेंट्री, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, 'ए' ग्रेड आली. दहावीनंतर आर्टला जायचं होतं. घरात तो विषय अर्धा तास चालला आणि संपला. वडील म्हणाले, "मी रंगात हुतो, मला म्हाईत हाय." ते काय म्हणत होते ते पुढं येईलच. सायन्स घेतलं, इथं मेकॅनिकलला आलो. वही मात्र ट्रंकेतून आणली होती. पहिलं वर्ष बरं गेलं. सेकंड इयरला एम-थ्री राहिला. घरी फोन केला तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "चित्रं काढत बसला असशील." मला स्वतःलाही ते पटलं. त्याच रात्री वही ट्रंकेत तळाला घातली आणि वर हिवाळी रजई टाकली. केटी निघेपर्यंत चित्र बंद. असा मोठा त्याग केल्यावर फार छान वाटतं, अनुभव घेऊन बघा.

वही सात महिने ट्रंकेत होती. त्या सात महिन्यांत चित्रांचा वाचलेला वेळ मी अभ्यासाला दिला का? अजिबात नाही. तो वेळ मोबाइलमध्ये गेला, कॅन्टीनच्या कट्ट्यावर गेला, आयपीएल बघण्यात गेला. केटी निघाली ती शेवटच्या अठरा दिवसांच्या रट्ट्यावर, जशी सगळ्यांची निघते. म्हणजे चित्रं बंद करून अभ्यास वाढला नाही, फक्त चित्रं बंद झाली. आणि नंतर वही काढून बसलो तर हात चालेना. साधी खुर्ची काढायला घेतली, तिचे चार पाय चार दिशांना. मी वही मिटली आणि म्हटलं, संपलं आपलं. खरंच तसं वाटलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हाची गोष्ट. माझे वडील पूर्वी बोर्ड पेंटर होते. आजच्या फर्स्ट इयरच्या पोरांना हे काम काय ते कदाचित माहीत नसेल. दुकानांचे बोर्ड, भिंतीवरच्या जाहिराती, ट्रकच्या मागची अक्षरं, मंडळांचे फलक हे सगळं हातानं रंगवायचे. खडूची पूड लावलेली दोरी ताणून एकच टिचकी मारायची, की पत्र्यावर शिरोरेघेची सरळ रेष उमटते. मग त्या रेघेला अक्षरं टांगायची. २००० सालानंतरच्या पाच-सात वर्षांत फ्लेक्स आला आणि हे काम गेलं. चार दिवसांचा बोर्ड चार तासांत छापून मिळायला लागला, तोही फोटोसकट. वडिलांसोबतचे कोणी घरं रंगवायला गेले, कोणी रिक्षा घेतली. वडील एका सायझिंगमध्ये हिशेब लिहायला लागले, ते आजही तिथंच आहेत. मला कळतं वय आलं तेव्हा त्यांचं पेंटिंग संपलेलं होतं. गावात दोन-तीन ठिकाणी त्यांचे बोर्ड अजून आहेत. एक पिठाच्या गिरणीवर आहे, रंग उडालाय, पण 'गिरणी'तल्या 'ण'चा पोट बघण्यासारखा आहे.

पण संपलेलं होतं असं मी म्हणतो ते खरं नाही. रात्री जेवण झालं की वडील जुना पेपर अंथरतात, एक वाटी पाणी, पोस्टर कलरची एक बाटली, दोन ब्रश. आणि अक्षरं काढतात. एका पानावर नुसता 'श्री', दुसऱ्यावर 'क्ष', कधी 'ळ'. अर्धा तास. मग पेपर चुरगाळून बंबात. लहानपणापासून हे बघत आलो होतो, त्यामुळं त्यात काही बघण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. आई तर म्हणते, "ह्यांना रोज रद्दी लागतीया."

त्या दिवाळीत मी पहिल्यांदा विचारलं, "पप्पा, हे रोज कशाला करताय?"

ते म्हणाले, "चार दिस ब्रश धरला न्हाई की हात इसरतोय. वेलांटी थरथरती."

"पण आता बोर्ड कुठं करायचाय?"

"नसंना का. हात माझा हाय न्हवं?"

एवढंच. ह्यावर मला काही उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. ज्या माणसानं मला "ह्यात भाकरी नाही" म्हणून आर्टला जाऊ दिलं नाही, तोच माणूस भाकरी देत नसलेली गोष्ट अठरा वर्षं रोज अर्धा तास करत होता. आधी मला ह्यात विसंगती वाटली. आता वाटत नाही. भाकरीचा प्रश्न आणि हाताचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं म्हणून दुसऱ्याचं 'नाही' होत नाही. आपण दहावीतच हे दोन्ही एकत्र करून टाकतो. करिअर नाही ना, मग बंदच.

घरच्या माणसाचं उदाहरण सगळ्यांना पटेलच असं नाही. पण आपण ज्या गावात शिकतोय त्याला उगाच कलापूर म्हणत नाहीत. जगदीश खेबूडकर घ्या. 'पिंजरा' (१९७२) ची गाणी माहीत नाहीत असा माणूस हॉस्टेलवर सापडणार नाही, मेसमधल्या रेडिओनं ती जबाबदारी घेतलीच आहे. ती लिहिणारा माणूस पेशानं कोल्हापुरातला शिक्षक होता. वर्गात फळा, खडू, हजेरी, पेपर तपासणं हे सगळं चालू असताना शेकडो चित्रपटगीतं झाली. २०११ साली ते गेले. मला त्यांची गाणी तर आवडतातच, पण जास्त कुतूहल त्या दिवसाचं वाटतं. पेपरांचे गठ्ठे बाजूला सारून लावणीचा मुखडा लिहायला बसायचं म्हणजे काय प्रकार असेल? आपण ओरल्सच्या आदल्या दिवशी आईला चार ओळींचा मेसेज नीट लिहू शकत नाही.

दुसरे चंद्रकांत मांडरे. भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी' (१९५२) मधले शिवाजी महाराज म्हणजे ते. मराठी सिनेमाचे नायक. पण ते मुळात चित्रकार, आणि नट झाल्यावरही चित्रकार राहिले. राजारामपुरीतलं आपलं राहतं घर त्यांनी चित्रांसकट शासनाला दिलं, तिथं आज संग्रहालय आहे. आपल्यातले किती जण गेलेत? राजारामपुरीत आपण चहाला, झेरॉक्सला, वडा खायला शंभर वेळा जातो. मी दिवाळीनंतर पहिल्यांदा गेलो. त्यांची 'पावडर शेडिंग'ची चित्रं तिथं आहेत. कोरड्या रंगपुडीनं केलेली ती चित्रं, झाडं, डोंगर, पाणी. मी एका चित्रासमोर बराच वेळ उभा होतो आणि डोक्यात इंजिनिअरिंगचाच विचार, की ह्या माणसानं हे बसवलं कधी? शूटिंग, मेकअप, प्रवास, एवढ्यातनं? एक-दोन चित्रं असती तर म्हटलं असतं, सुट्टीत काढली असतील. घरभर चित्रं सुट्टीत होत नाहीत.

तिसरं नाव जरा वेगळं आहे. अरुण कोलटकर. जन्म आणि शाळा कोल्हापुरातली. पुढं मुंबईला जाहिरातीच्या धंद्यात आर्ट डायरेक्टर म्हणून त्यांनी पोट भरलं आणि कविता केली, मराठीत आणि इंग्रजीतही. 'जेजुरी' १९७६ ला आलं, त्याला राष्ट्रकुलाचं पारितोषिक मिळालं. त्यानंतर एखाद्यानं नोकरीधंदा सोडून दरवर्षी एक पुस्तक काढलं असतं. ह्यांचा पहिला मराठी संग्रह १९७७ चा आणि पुढचे यायला २००३-०४ साल उजाडलं. मधल्या पंचवीस वर्षांत कविता चालूच होती, फक्त दाखवायची घाई नव्हती. २००४ साली ते गेले, आणि 'भिजकी वही'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. पंचवीस वर्षं! आपल्याला स्टेटस टाकून पंचवीस मिनिटांत कुणी बघितलं नाही तर चैन पडत नाही.

आणि आपल्या लाइनीचं उदाहरण पाहिजे असेल तर जयंत नारळीकर. तेही कोल्हापुरात जन्मलेले, १९३८ साली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. एका परिषदेतलं कंटाळवाणं भाषण ऐकता ऐकता त्यांनी समोरच्या कागदावर विज्ञानकथा लिहायला घेतली. (मागच्या बाकावरच्या मित्रांनो, कॉलर ताठ करा.) १९७४ मध्ये ती कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, पण स्वतःच्या नावानं नाही. आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेतलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतलं, आणि बक्षीस मिळवलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण गोष्ट आपली आपण उभी राहते का हे त्याला बघायचं होतं.

ह्या चौघांत एकानंही "आधी सेटल होऊ, मग बघू" म्हटलेलं दिसत नाही. आपल्याला मात्र दुसरीच गोष्ट फार आवडते. इंजिनिअर झाला, मोठ्या कंपनीत लागला, एक दिवस राजीनामा फेकला आणि दिग्दर्शक झाला! ही गोष्ट प्रत्येक गेस्ट लेक्चरमध्ये कोणीतरी सांगतोच. मला ती आताशा डेंजर वाटायला लागली आहे. कारण त्यातून असा अर्थ निघतो की कला करायची तर सगळं सोडून करा, नाहीतर करूच नका. सगळं सोडण्याची हिंमत शंभरात एकाची, म्हणून उरलेले नव्याण्णव हात धुऊन मोकळे. आमच्या घरात वडिलांनी सगळं सोडलं असतं तर मी इथं फी भरून शिकत नसतो. हे बोलायला कसंतरी वाटतं, पण तसंच आहे.

२०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी उभं केलेलं, १९१५ मध्ये सुरू झालेलं थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सगळं गाव हळहळलं, आणि बऱ्याच जणांच्या डोळ्यात पाणी होतं. त्यांत नाटकावर पोट असलेले किती? फार थोडे. बाकीचे बँकेतले, शाळेतले, दुकानातले, दिवसभर काम करून संध्याकाळी तालमीला जाणारे, राज्य नाट्य स्पर्धेला 'हौशी' म्हणून उतरणारे. हौशी हा शब्द आपण जरा नाक मुरडून वापरतो. पण ह्या गावातलं नाटक तगलं आहे ते ह्या हौशी लोकांच्या जिवावर.

असो. मोठ्यांची नावं घेऊन झाली, आता प्रत्यक्षात काय करायचं ते बोलू. "वेळ नाही" हे आपलं कायमचं रडगाणं. ते पूर्ण खोटं नाही. पंचाहत्तर टक्के हजेरी, जर्नल, टेस्ट, मिनी प्रोजेक्ट ह्यात काही आठवडे खरंच श्वास घेता येत नाही. पण आपण वाट बघतो ती अख्ख्या मोकळ्या रविवारची. सकाळी रंग घेऊन रंकाळ्यावर जायचं, दिवसभर बसायचं, असा प्लॅन. तो रविवार सेमिस्टरमध्ये एकदा येतो आणि त्या दिवशी कपडे धुवायचे असतात.

इंग्लंडमध्ये अँथनी ट्रॉलप म्हणून कादंबरीकार होऊन गेला. पोस्ट खात्यात मोठ्या हुद्द्यावर नोकरी. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला अडीचशे शब्द, आणि मग ऑफिस. पहाटे कॉफी घेऊन उठवायला यायचं म्हणून नोकराला वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा, आणि आपल्या यशाचं श्रेय त्या नोकराला देत असे. हे वाचलं तेव्हा प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या सरांची आठवण झाली. टार्गेट, सायकल टाइम, सगळं आहे! लोकांना हे कळल्यावर म्हणे ट्रॉलपची किंमत उतरली, कारण कलावंतानं असं घड्याळ लावून लिहायचं नसतं. मला तर तो तेव्हापासून जास्त आवडायला लागला.

मी साडेपाचला उठणार नाही, हे माझ्या रूम पार्टनरला आणि मला दोघांनाही माहीत आहे. म्हणून मी रात्री मेसवरून आल्यावर वीस मिनिटं ठरवली. विषय पण ठरवला, म्हणजे विचार करण्यात वेळ जायला नको. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी दिसते. रोज तीच. पोस्टकार्डाएवढा कागद, एक टू-बी पेन्सिल. वही ट्रंकेत नाही, टेबलावर उघडी. हे महत्त्वाचं आहे. ट्रंक उघडायची म्हटलं की रजई काढायला लागते, आणि रजई काढली की माणूस झोपतो.

पहिले पंधरा दिवस टाकी चुकत होती आणि का चुकते ते कळत नव्हतं. फर्स्ट इयरला मी कॉन्सेंट्रिक सर्कल मेथडनं एलिप्स काढून दहापैकी नऊ मार्क घेतलेत. तरी टाकीच्या पोटावरच्या रिंगा काढल्या की टाकी बादलीसारखी दिसायची. सोळाव्या-सतराव्या दिवशी लक्षात आलं. टाकी माझ्या डोळ्याच्या वर आहे. म्हणजे रिंगांचा बाक वरच्या बाजूला पाहिजे, आणि जेवढी रिंग वर तेवढा बाक जास्त. मी मात्र रोज खाली बाक देत होतो, कारण डोक्यात बादली होती. बादली आपण कायम वरून बघतो ना! पंधरा दिवस मी टाकीकडं बघत होतो आणि काढत होतो बादली. हे मला कुठल्याही लेक्चरमध्ये कळलं नसतं. त्या रात्री मी पार्टनरला झोपेतून उठवून दाखवलं. त्याची प्रतिक्रिया इथं छापता येणार नाही.

हिशेब असा. रोज वीस मिनिटं, वर्षात तीनशे दिवस धरले (पासष्ट दिवस परीक्षा, ताप आणि आळस ह्यांना दिले), तर सहा हजार मिनिटं, म्हणजे शंभर तास. एका सेमिस्टरचं एक प्रॅक्टिकल आठवड्याला दोन तासांनी तीसेक तास होतं. म्हणजे तीन प्रॅक्टिकलएवढा वेळ, आणि जर्नल लिहायला नको.

ह्यावर माझा मित्र म्हणाला, "भावा, पण उपयोग काय? टाकी काढून पॅकेज वाढणार आहे का?" नाही वाढणार. इंटरव्ह्यूमध्ये सांगण्यासारखंही त्यात काही नाही. "हॉबीज?" "पाण्याची टाकी, सर." काहीजण म्हणतील की कलेनं ताण कमी होतो, एकाग्रता वाढते, रिझल्ट सुधारतो. असेलही. पण मी ते कारण देणार नाही, कारण रिझल्ट नाही सुधारला तर मग परत वही ट्रंकेत. आणि टाकी नीट येत नाही त्या रात्री ताण वाढतोच, कमी होत नाही.

आता नवीन शैक्षणिक धोरणात कलेच्या विषयांनाही क्रेडिट द्यायची सोय आली आहे. हेतू चांगला आहे, मास्तर लोकांचे मनापासून प्रयत्नही असतील. मला फक्त भीती एका गोष्टीची वाटते. क्रेडिट आलं की हजेरी येते, हजेरी आली की जर्नल येतं, आणि जर्नल आलं की आम्ही ते काचेखाली ट्यूबलाइट लावून शेजाऱ्याचं उतरवून काढतो. आमच्याइतका ह्या कामातला सराव महाराष्ट्रात कोणाचा नसेल. रात्र रात्र जागून दुसऱ्याच्या रेघा गिरवायला वेळ मिळतो, आणि स्वतःची एक रेघ ओढायला मिळत नाही, ही आपली खरी गंमत आहे.

म्हणून स्टाफकडं मागणं फार छोटं आहे. क्लब नको, त्याला अध्यक्ष लागतो आणि अध्यक्षपदासाठी भांडणं लागतात. सर्टिफिकेट नको, स्पर्धा नको, उद्घाटनाला पाहुणे तर मुळीच नकोत. आर्ट सर्कलच्या कपाटात एक पेटी आहे, ती गॅदरिंगला निघते आणि परत कुलपात जाते. तिचे दोन सूर बसलेत, बंद राहून पेटी खराब होते हे वाजवणाऱ्याला विचारा. ती बाहेर राहू दे. हॉस्टेलवर बासरी, तबला वाजवायला लागलं की शेजारच्या रूममधून चप्पल येते, आणि त्या बिचाऱ्याचंही चूक नाही, त्याची उद्या टेस्ट असते. ड्रॉइंग हॉल मात्र साडेपाचनंतर रिकामा असतो. मोठी टेबलं, भरपूर उजेड, आणि आवाज कुणाला पोचत नाही.

त्या दिवशीच्या प्रकारानंतर मी परत मामांकडं गेलो होतो. ह्या वेळी टाकीची चित्रं घेऊन गेलो, चाळीसेक झाली होती. मामांनी एकेक कागद बघितला. म्हणाले, "ही आमच्या मागची टाकी न्हवं? वरचं झाकान तुटल्यालं हाय तिचं, ते न्हाई काढलास." मी खिडकीतून बघतो तिथून झाकण दिसतच नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग ड्रॉइंग हॉलच्या खिडकीतनं दिसतंय की." आणि मग किल्लीचं विचारल्यावर म्हणाले, "मला काय, मी देतो. पर सायबाचा अर्ज आण."

तर हाच अर्ज समजावा. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. दिवे-पंखे आम्ही बंद करू, टेबलं पुसून ठेवू, किल्ली मामांच्या हातात परत देऊ. सध्या आम्ही पाचजण आहोत. तबलेवाल्यानं अजून हो म्हटलेलं नाही, पण काल कपाटावरचा टॉवेल त्यानं खिडकीत वाळत घातलेला दिसला.